पहाटेचे ५.२९: शिकाऊ वैमानिकांना नियम आणि नोटॅम शिकवताना

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणाव शिगेला पोचला, तेव्हा उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद केल्याची बातमी आली. कधीपर्यंत बंद? १५ मेच्या पहाटे ५ वाजून २९ मिनिटांपर्यंत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यावर बरीच चर्चा झाली. साडेपाच का नाही, एक मिनिट कुणासाठी सोडलं, यामागे काही लष्करी डाव आहे का, आणि शेवटी एका काकांनी तर मुहूर्तापर्यंत गाडी नेली. उत्तर साधं होतं. विमानवाहतुकीचं घड्याळ जगभर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतं आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. १४ मेच्या रात्रीचे २३.५९ यूटीसी म्हणजे आपल्याकडे १५ मेच्या पहाटेचे ५.२९. हुकूम (वैमानिकांसाठीच्या अशा तातडीच्या सूचनेला नोटॅम म्हणतात) १४ तारीख संपेपर्यंतचा होता, फक्त ती तारीख आपल्या भिंतीवरच्या घड्याळातली नव्हती.

मी ठाण्यात शनिवार-रविवार ‘एअर रेग्युलेशन्स’ शिकवते. समोर बसणारी मुलं कळव्याची, ऐरोलीची, खारघर-पनवेलची. कुणी बारावी करून थेट आलेलं, कुणी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून. उडायला ती पुढे धुळे, शिरपूर, गोंदियाला जातात, ज्यांना परवडतं ती परदेशी जातात. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचे, जे लेखी पेपर द्यावे लागतात (नेव्हिगेशन, मेटिओरॉलॉजी, टेक्निकलचे दोन आणि रेग्युलेशन्स), त्यांत रेग्युलेशन्स सगळ्यात सोपा मानला जातो. पास व्हायला ७० टक्के लागतात, आणि क्वेश्चन बँक घोटली की आठवड्याभरात ‘निघतो’, असं सिनियर मुलं ज्युनियरांना सांगतात. निघतोही. पण या विषयात पाठ करण्यासारखं थोडं आहे आणि शोधून काढण्यासारखं पुष्कळ. परीक्षेत पाठ केलेलं विचारतात म्हणून मुलं पाठच करतात, आणि मग प्रत्यक्ष उड्डाणाच्या आदल्या रात्री कुठला कागद उघडायचा हेच त्यांना ठाऊक नसतं.

नियमांची उतरंड आधी लावून घेऊ, कारण इथेच पहिला घोळ होतो. सगळ्यात वर आहे शिकागोत ७ डिसेंबर १९४४ ला झालेला आंतरराष्ट्रीय करार. आपल्या देशावरच्या आकाशावर त्या त्या देशाची पूर्ण सत्ता, हे त्याचं पहिलंच कलम. या करारातून आयकाओ ही संयुक्त राष्ट्रांची संस्था उभी राहिली, आणि तिनं केलेली तपशीलवार मानकं १९ अ‍ॅनेक्समध्ये, म्हणजे परिशिष्टांमध्ये, आहेत. लायसन्स पहिल्यात, आकाशातल्या वाहतुकीचे नियम दुसऱ्यात, हवामान तिसऱ्यात, विमानतळ कसा असावा ते चौदाव्यात, आणि ही सगळी माहिती वैमानिकापर्यंत कशी पोचवायची ते पंधराव्यात.

अ‍ॅनेक्स हा काही आपोआप भारताचा कायदा होत नाही. आपला कायदा संसद करते. १९३४ चा एअरक्राफ्ट अ‍ॅक्ट जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला. म्हणजे ज्यांच्या पुस्तकात पहिल्या पानावर अजून १९३४ चा कायदा ‘चालू’ आहे, त्यांनी ते पान खोडावं. (जुन्या बाजारातून सिनियरची पुस्तकं घेणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं, कव्हर नवं दिसतं, आतला मजकूर नसतो.) कायद्याखाली केंद्र सरकारचे नियम, ज्यांत १९३७ चे एअरक्राफ्ट रूल्स सगळ्यात जाडजूड. त्यांच्याखाली डीजीसीएची सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स, म्हणजे सीएआर. आणि त्याहून खाली सर्क्युलरं, पत्रकं, सूचना.

वरचा थर बदलायला वर्षं लागतात, खालचा एका सहीनं बदलतो. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा हे अख्ख्या देशानं अनुभवलं. वैमानिकांच्या कामाच्या आणि विश्रांतीच्या मर्यादा सीएआरमध्ये असतात. त्या सुधारल्या गेल्या होत्या. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली, आणि ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहाला संपू लागली. वेळापत्रक आणि वैमानिकांची संख्या याचा मेळ बसला नाही. मग डीजीसीएनं काही तरतुदींतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूटही दिली. संसदेत यातलं काहीही गेलं नव्हतं. टीव्हीवर ‘कायदा बदलला’ म्हणत होते. कायदा तसाच होता, सीएआर बदललं होतं. परीक्षेत हा फरक एका मार्काचा असतो. कॉकपिटमध्ये बसल्यावर कोणता कागद नवा झालाय हे समजण्याचा तोच एक मार्ग असतो.

एक गमतीची गोष्ट. मुंबईहून पश्चिमेला उडून किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैल पार केले की खाली खुला समुद्र. तिथे कुणाही देशाचे वाहतूक-नियम चालत नाहीत, अ‍ॅनेक्स २ जसंच्या तसं लागू होतं. आणि अ‍ॅनेक्सपेक्षा आपले नियम जिथे वेगळे आहेत, ते फरक जाहीर करायचं बंधन शिकागो कराराच्या ३८ व्या कलमानं प्रत्येक देशावर घातलंय. ते फरक कुठे सापडतात? एआयपीच्या, म्हणजे देशाच्या विमानवाहतूक माहितीपुस्तकाच्या, जेन १.७ या भागात. मुलं ते पान कधीच उघडत नाहीत. परदेशात शिकून आलेल्यांनी तरी ते उघडावंच, कारण तिकडच्या सवयी इकडे कुठे चालत नाहीत याचा अंदाज तिथून येतो.

आता एआयपी. इथून पुढचा भाग मला स्वतःला जास्त आवडतो.

‘एरोनॉटिकल इन्फर्मेशन पब्लिकेशन’ भारतात एअरपोर्ट्स अथॉरिटी ऑफ इंडिया काढते आणि ते ऑनलाइन कुणालाही वाचता येतं. नियम सांगतात कसं वागायचं. एआयपी सांगतं कुठे काय आहे: कोणत्या विमानतळाची धावपट्टी किती लांब, टॉवरची फ्रीक्वेन्सी काय, कुठल्या आकाशात शिरायला बंदी. त्याच्या जोडीला एआयपी सप्लिमेंट आणि नोटॅम असतात, आणि या तिघांत मुलांचा कायम गोंधळ होतो. ठाणेकराला समजवायला एकच उदाहरण पुरतं. एआयपी म्हणजे मध्य रेल्वेचं छापील वेळापत्रक. सप्लिमेंट म्हणजे महिनोन् महिने चालणाऱ्या कामासाठी काढलेलं तात्पुरतं वेळापत्रक. आणि नोटॅम म्हणजे फलाटावरची ती घोषणा: ‘कल्याणकडे जाणारी जलद लोकल आज फलाट क्रमांक पाचऐवजी…’ वेळापत्रक कितीही पाठ असलं तरी घोषणा ऐकली नाही तर माणूस चुकीच्या फलाटावर उभा राहतो. तात्पुरता बदल तीन महिने किंवा त्याहून जास्त चालणार असेल तर तो सप्लिमेंटमध्ये जातो. त्याहून कमी मुदतीचा, किंवा अचानक आलेला, नोटॅममध्ये. चौथा एक प्रकार आहे, एआयसी नावाची परिपत्रकं. त्यांत सल्ला, खुलासा, कामकाजाची माहिती असते. ती वाचावीत, पण उड्डाणाच्या सकाळी नाही वाचली तरी चालतं.

एआयपीचे भाग तीन: जेन म्हणजे सर्वसाधारण, ईएनआर म्हणजे वाटेतलं, एडी म्हणजे विमानतळांचं. एडी २ खाली प्रत्येक विमानतळाची माहिती ठरलेल्या क्रमानं येते आणि हा क्रम जगभर एकच आहे. २.३ मध्ये कामकाजाच्या वेळा, २.६ मध्ये अग्निशमन, २.१० मध्ये अडथळे, २.१२ मध्ये धावपट्टीची लांबी-रुंदी, २.१३ मध्ये उड्डाणासाठी आणि उतरण्यासाठी जाहीर केलेली अंतरं, २.१८ मध्ये फ्रीक्वेन्सी. मुंबईचं पान उघडा, नैरोबीचं उघडा, रेक्याविकचं उघडा, २.१२ म्हणजे धावपट्टीच. या एका गोष्टीवर मी अर्धा तास घालवते. आकडे पाठ करू नका, घरांचे क्रमांक पाठ करा, असं मुलांना सांगते. आकडा बदलेल, घर हलणार नाही.

२.१२ आणि २.१३ यांतला फरकही लगेच दाखवते. धावपट्टी अमुक मीटर लांब आहे म्हणजे उतरायला तेवढी मिळेलच असं नाही. अलीकडच्या टोकाजवळ इमारत, डोंगर किंवा मनोरा असेल तर उतरण्याची सुरुवातीची रेघ आत सरकवलेली असते. मग उड्डाणाला पूर्ण लांबी वापरता येते, पण उतरताना कमी. म्हणून ‘धावपट्टी किती लांब?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कशासाठी, कुठल्या दिशेनं, हे जोडून विचारावं लागतं.

नवी मुंबईच्या मुलांना हा भाग पटकन कळतो, कारण विमानतळ त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. उलव्याचा डोंगर कापला, नदीचा प्रवाह वळवला, आणि ३,७०० मीटरची धावपट्टी ०८/२६ तयार झाली. हे ०८ आणि २६ म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य काढून: एका बाजूनं साधारण ८० अंश, उलट बाजूनं २६०. खारघर, उलवे, पनवेलमधल्या इमारतींना किती मजले चढवायचे यावर जी बंधनं आली, त्यांचा उगमही विमानवाहतुकीच्याच नियमांत आहे: उंचीच्या मर्यादांचे २०१५ चे नियम आणि त्यांनुसार रंगवलेले नकाशे. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकू नये, जनावरं कापू नयेत, हेही १९३७ च्या नियमांत आहे. कारण पक्षी. घाणीवर घारी येतात, घारी इंजिनात जातात. डम्पिंग ग्राउंडचा प्रश्न आपण वासामुळे आणि आरोग्यामुळे काढतो. वैमानिक तो पक्ष्यांमुळे काढतो.

या विमानतळावरून प्रवासी उड्डाणं सुरू झाली २५ डिसेंबर २०२५ ला. वर्तमानपत्रांनी नाताळ म्हणून लिहिलं. माझ्या भिंतीवर त्या तारखेला वेगळी खूण होती. एआयपीतले महत्त्वाचे बदल कुठल्याही दिवशी लागू करत नाहीत. त्यासाठी जगभर ठरलेल्या तारखा आहेत, दर २८ दिवसांनी एक, नेहमी गुरुवारी. या पद्धतीला एरॅक म्हणतात. बदल लागू होण्याच्या किमान २८ दिवस आधी तो वापरणाऱ्यांच्या हाती असावा, असा नियम आहे, म्हणजे विमानातल्या संगणकांचा डेटा, नकाशे, सगळं एकाच दिवशी एकदम बदलता येतं. २०२५ चा शेवटचा एरॅक गुरुवार होता २५ डिसेंबर. योगायोग म्हणा किंवा नियोजन. वर्गात मी तारखांचा तक्ता लावते आणि मुलांना तो गुरुवार शोधायला सांगते. सापडला की एरॅक पुन्हा समजवावं लागत नाही.

आता नोटॅम. त्याची भाषा पहिल्यांदा बघणाऱ्याला रशियन गुप्तहेराची चिठ्ठी वाटते. मुंबईच्या मुख्य विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे छेदावर काम काढलं की दोन्ही बंद. पावसाळ्याआधी आणि नंतर अशी वर्षातून दोनदा दुरुस्ती होते आणि विमान कंपन्यांना सहा महिने आधी कळवलं जातं. १७ ऑक्टोबर २०२४ ला सकाळी ११ ते संध्याकाळी ५ असा बंद होता. त्यावरून मी फळ्यावर साधारण असा नमुना लिहिते, मजकूर जरा सोपा करून:

क्यू) व्हीएबीएफ / क्यूएमआरएलसी / आयव्ही / एनबीओ / ए / ००० / ९९९ / १९०५एन ०७२५२ई ००५
ए) व्हीएबीबी
बी) २४१०१७०५३०
सी) २४१०१७११३०
ई) धावपट्टी ०९/२७ आणि १४/३२ देखभालीसाठी बंद

वाचायला खालून सुरुवात करा, असं मी सांगते. ई म्हणजे मूळ मजकूर. सी आणि बी म्हणजे शेवट आणि सुरुवात: वर्ष, महिना, दिवस, मग वेळ. ०५३० यूटीसी म्हणजे आपले सकाळचे ११, ११३० म्हणजे संध्याकाळचे ५. इथे हमखास कुणीतरी पहाटे साडेपाच वाचतं. ए म्हणजे जागा. व्हीएबीबी ही मुंबईची आयकाओ खूण. जुहूची व्हीएजेजे, नवी मुंबईची व्हीएएनएम.

मग वरची क्यू ओळ. व्हीएबीएफ म्हणजे मुंबईचं फ्लाइट इन्फर्मेशन रीजन, ज्याला सगळे एफआयआर म्हणतात (पोलिसांचा याच्याशी संबंध नाही). पुढचा पाच अक्षरी कोड फोडून वाचायचा: सुरुवातीचा क्यू सगळ्यांनाच असतो, ‘एमआर’ म्हणजे धावपट्टी, ‘एलसी’ म्हणजे बंद. आयव्ही म्हणजे उपकरणांवर उडणारे आणि नजरेनं उडणारे, दोघांनाही लागू. एनबीओमधला एन सांगतो की वैमानिकाचं लक्ष ताबडतोब वेधायचं आहे, बी सांगतो की हे उड्डाणपूर्व माहितीपत्रकात यायला हवं, ओ सांगतो की उड्डाणाच्या कामकाजाशी याचा संबंध आहे. ए म्हणजे विमानतळापुरतं. ००० ते ९९९ म्हणजे जमिनीपासून वरपर्यंत सगळ्या उंचींना. शेवटी अक्षांश-रेखांश आणि पाच नॉटिकल मैलांची त्रिज्या. ही ओळ माणसापेक्षा संगणकासाठी आहे. तुमच्या मार्गाला लागणारे नोटॅम चाळून काढायला तिचाच उपयोग होतो. पण चाळणी कशी चालते हे माहीत असलं की चाळणीतून काय निसटू शकतं हेही समजतं.

आणखी एक बारकावा, जो परीक्षेतही येतो आणि प्रत्यक्षातही चावतो. सी मधल्या वेळेपुढे ‘ईएसटी’ लिहिलेलं असेल तर ती वेळ अंदाजे आहे. ती उलटून गेली म्हणून बंद उठला असं धरायचं नाही. नवा नोटॅम येऊन जुना रद्द किंवा बदलला जाईपर्यंत जुना जिवंत. ‘पर्म’ असेल तर बदल कायमचा आणि यथावकाश एआयपीत जाणार.

ऐरोलीच्या एका विद्यार्थिनीनं एकदा विचारलं, “मॅडम, हे सगळं कंपनीचा डिस्पॅचर काढून देतो ना? आपण कशाला?”

मी म्हटलं, “देतो. पण वाचणार कोण?”

“गठ्ठा असतो म्हणे.”

“असतो ना. त्याचीच गोष्ट सांगते आता, बस.”

७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं एअरबस ए३२० उतरत होतं. दोन समांतर धावपट्ट्यांपैकी डावीकडची, २८ एल, त्या रात्री कामासाठी बंद होती आणि तिचे दिवे मालवलेले होते. वैमानिकांना दोन दिव्यांच्या रांगा दिसायची सवय. त्यांना दोन रांगा दिसल्या, आणि त्यांतली उजवीकडची ती आपली धावपट्टी असं त्यांनी धरलं. ती टॅक्सीवे होती, म्हणजे विमानांनी धावपट्टीपर्यंत जायचा रस्ता, आणि तिच्यावर चार प्रवासी विमानं उड्डाणाची वाट बघत उभी होती. विमान जमिनीपासून सुमारे ६० फुटांपर्यंत खाली येऊन परत वर गेलं. कुणाला खरचटलंही नाही. धावपट्टी बंद असल्याचा नोटॅम वैमानिकांकडे होता: २७ पानांच्या गठ्ठ्यात, आठव्या पानावर. चौकशीत अमेरिकेच्या एनटीएसबीनं, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळानं, नोटॅमच्या या पद्धतीवरच बोट ठेवलं. महत्त्वाची गोष्ट आणि धावपट्टीपासून कोसभर लांबच्या क्रेनचा दिवा बंद असल्याची गोष्ट, दोन्ही एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाखाली एक येतात.

ही टीका मला मान्य आहे. नोटॅमची मांडणी टेलिप्रिंटरच्या काळातली आहे आणि ती बदलायला हवी. पण ती बदलेपर्यंत वाचणाऱ्यानं स्वतःचा क्रम लावावा. मी तो असा लावायला सांगते: आधी धावपट्टी बंद आहे का, मग टॅक्सीवे, मग उतरायला मदत करणारी उपकरणं आणि दिवे, मग वाटेतलं बंद आकाश, मग इंधन आणि अग्निशमन. अडथळ्यांच्या दिव्यांचं सगळ्यात शेवटी, मात्र रात्री उडत असाल तर ते वर आणायचं.

चुकीच्या पट्टीवर उतरण्याचा इतिहास आपल्याकडेही आहे. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूला उतरलं. जुहू म्हणजे जे. आर. डी. टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून टपाल घेऊन जिथे विमान उतरवलं तो विमानतळ. त्याची मुख्य धावपट्टी १,१४३ मीटर, सांताक्रूझची ३,४४८. विमान पट्टी ओलांडून पुढे गेलं, जीव कुणाचा गेला नाही, विमान मात्र कायमचं कामातून गेलं. त्याआधी १९५३ मध्ये बीओएसीच्या कॉमेटनंही हाच घोटाळा केला होता. दोन्ही पट्ट्या जवळजवळ, दिशा जवळपास सारखी: जुहूची ०८, सांताक्रूझची ०९. आता खाडीपलीकडे तिसरी आली आहे, आणि तिचा क्रमांक पुन्हा ०८. शिकाऊ मुलानं नकाशावर तिन्ही पेन्सिलीनं ओढून बघाव्यात.

आकाशातल्या वाहतुकीचे नियम मी झपाट्यानं उरकते, कारण ते खरंच पाठ करायचे आहेत आणि त्यांत वाद नाही. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं. ओलांडायचं तर उजवीकडून. वाटा छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं विमान आहे त्यानं वाट सोडायची. नजरेनं उडताना, म्हणजे व्हीएफआरमध्ये, दहा हजार फुटांखाली पाच किलोमीटर दिसायला हवं, ढगांपासून आडवं १,५०० मीटर आणि उभं १,००० फूट अंतर हवं. आपल्याकडे व्हीएफआर उड्डाण सूर्योदयाआधी २० मिनिटं ते सूर्यास्तानंतर २० मिनिटं. उड्डाणाआधीच्या १२ तासांत दारू नाही.

हे सगळं एकत्र कसं येतं? वर्गात शेवटी एक कागदी सफर असते: जुहू ते धुळे, छोटं विमान, व्हीएफआर, साधारण १५० नॉटिकल मैल. मार्ग ईशान्येला, जवळजवळ ४५ अंश. सरळ रेघ ओढली की ती ठाण्यावरून कसाऱ्याकडे जाते, म्हणून मुलांना बरं वाटतं. घराच्या छपरावरून विमान नेल्यासारखं. पूर्वेकडच्या अर्धवर्तुळात जाणाऱ्या व्हीएफआर विमानानं विषम हजार अधिक ५०० अशी उंची धरायची. मुलं लगेच सांगतात, ५,५००. परीक्षेत बरोबर. मग मी विचारते, रेघेच्या उजवीकडे काय आहे? कळसूबाई, १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. उजवीकडे थोडं भरकटलं तर हाताशी उरतात १०० फूट. मग ७,५००? चालेल, पण महिना कुठला? जुलैत घाटमाथ्यावर ढग खाली बसलेले असतात आणि ढगापासून १,००० फूट लांब राहायचं आहे. दोन्ही नियम पाळले तर उडायला आकाशच उरत नाही. हे गणित पूर्ण झालं की वर्गातलं कुणीतरी म्हणतं, “मग जायचंच नाही ना मॅडम?” तेच बरोबर उत्तर आहे, आणि ते कुठल्याही क्वेश्चन बँकेत नाही. अ‍ॅनेक्स २ मध्ये मात्र आहे: निघण्याआधी उपलब्ध असलेली सगळी संबंधित माहिती करून घेणं, हवामानाचा बारकाईनं अभ्यास करणं आणि ठरल्याप्रमाणे जाता आलं नाही तर काय करायचं ते ठरवून ठेवणं ही कप्तानाची जबाबदारी आहे. डिस्पॅचरची नाही.

सफरीत आणखी कागद निघतात. जुहू मुंबईच्या नियंत्रित आकाशात आहे, त्यामुळे उंची तुम्हाला हवी ती नाही, एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) देईल ती. हवाई दलाचं एअर डिफेन्स क्लिअरन्स घ्यावं लागतं. एआयपीच्या ईएनआर ५.१ मध्ये बंदीचे भाग पाहायचे. त्यांत मुंबईजवळचे दोन मुलांना नेहमी चकित करतात. एक ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, जे वाशीच्या मुलाला खाडीपलीकडे दिसतं आणि अपेक्षितही असतं. दुसरा मलबार हिलवरचा पारशी समाजाचा शांतिमनोरा. त्या यादीत पी म्हणजे पूर्ण मनाई, आर म्हणजे अटींवर प्रवेश, डी म्हणजे धोका, आपल्या जबाबदारीवर.

ड्रोन उडवणाऱ्या मंडळींसाठी जाता जाता: पनवेल-उलव्याकडे लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना वाटतं की हे सगळं मोठ्या विमानांचं आहे. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय २०० फुटांपर्यंतच जाता येतं, त्याहून आत तर तेही नाही. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून बघा, त्यात हिरवा म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणारा भाग. विमानतळ सुरू झाल्यापासून तुमचा हिरव्या भागातला लग्नाचा हॉल बहुधा हिरव्यात राहिलेला नाही.

आणि नेहमी येणारा प्रश्न: सगळं वाचून निघालो, आणि हवेत असताना नवा नोटॅम आला तर? तुमच्याकडे टॅबलेटवरचं अ‍ॅप असेलही, पण त्यातला डेटा निघताना उतरवलेला असतो, आणि भारतातल्या एआयपीचे सगळे बदल प्रत्येक अ‍ॅपमध्ये वेळेवर येतात असं मी तरी गृहीत धरणार नाही. हवेत असताना माहिती रेडिओवरून येते, एफआयआरच्या माहिती सेवेकडून किंवा टॉवरकडून. मोठ्या विमानतळावर एटिस नावाचं ध्वनिमुद्रित निवेदन सतत चालू असतं आणि मजकूर बदलला की त्याचं अक्षर बदलतं: अल्फा, मग ब्राव्हो, मग चार्ली. टॉवरशी पहिल्यांदा बोलताना आपण कुठलं अक्षर ऐकलं ते सांगायचं. तुम्ही ‘ब्राव्हो’ म्हणालात आणि टॉवरनं ‘चार्ली चालू आहे’ म्हटलं, तर पुन्हा फ्रीक्वेन्सी लावून पूर्ण ऐकायचं, फक्त वाऱ्याचा आकडा ऐकून सोडायचं नाही. धावपट्टी बदलली असेल तर ती त्याच निवेदनात, बहुतेक वाऱ्याच्या आधी सांगितलेली असते.